डेक्कन क्वीनचे १९३० चे रंग, १:७६ मध्ये : कामाच्या नोंदी

९ जून २०२४

डेक्कन क्वीन १ जून १९३० ला सुरू झाली तेव्हा तिचे दोन रेक होते, प्रत्येकी सात डब्यांचे. एक चंदेरी, त्यावर स्कार्लेट बीडिंग, म्हणजे उठावाच्या पट्ट्या. दुसरा रॉयल ब्लू, त्यावर सोनेरी रेघा. अंडरफ्रेम इंग्लंडहून आल्या, वरची बॉडी जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेच्या माटुंगा वर्कशॉपमध्ये बांधली. रंगांबद्दल माझ्या हाती लागलेला लेखी पुरावा एवढाच आहे: चंदेरी, स्कार्लेट, रॉयल ब्लू, सोनेरी. या चार शब्दांवरून दोन्ही रेकच्या एकेका डब्याचं मॉडेल, १:७६ चं म्हणजे खऱ्याच्या ७६ पट लहान, रंगवायला घेतलंय.

१९६६ मध्ये पेरांबूरच्या आयसीएफचे (इंटिग्रल कोच फॅक्टरी, रेल्वेचा डबे बांधणारा कारखाना) पोलादी डबे आले आणि मूळ रेक गेले. आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांपुढे येते ती नंतरची निळी-क्रीम राणी. पहिली राणी डोळ्यांनी बघितलेली माणसं आता फारच थोडी उरली असतील. ते दोन रेक मला पुन्हा रुळांवर उभे बघायचे आहेत, आणि 'साधारण निळा चालेल' असं करून नाही.

बॉडी प्लास्टिक शीटमधून कापून झाली आहे. बीडिंगसाठी अर्धा मिमी रुंदीची पट्टी चिकटवली आहे. गेजच्या, म्हणजे दोन रुळांमधल्या अंतराच्या, वादात इथे शिरत नाही: आपला १६७६ मिमीचा ब्रॉडगेज १:७६ ला २२ मिमी भरतो, बाजारात मिळणारे रूळ १६.५ मिमीचे. मी १६.५ वरच चालवतो. इथल्या नोंदी फक्त रंगाच्या.

१६ जून

जुने फोटो जमवायला काढले. एका मासिकाचा जुना अंक ६०० रुपयांना घेतला, त्यात गाडीचा पूर्ण रेक दिसतो म्हणून. फोटो अर्थातच कृष्णधवल. वाटलं होतं, करड्या छटा मोजून निळा किती गडद होता याचा अंदाज तरी बांधता येईल. तो येत नाही. का येत नाही, हे घरच्या घरी तपासून बघण्यासारखं आहे.

त्या काळी बरीचशी फिल्म ऑर्थोक्रोमॅटिक असायची. तिला निळा आणि हिरवा उजेड दिसतो, लाल जवळपास दिसतच नाही. मी प्लास्टिकच्या पट्ट्यांवर लाल, काळा, गडद निळा, मध्यम निळा आणि चंदेरी असे हात मारले, उन्हात मोबाईलने फोटो काढला आणि कॉम्प्युटरवर फोटोतला लाल चॅनल पूर्ण काढून उरलेला कृष्णधवल केला. लाल पट्टी आणि काळी पट्टी शेजारी ठेवल्यावर कुठली कोणती ते सांगता येईना. मध्यम निळा इतका फिका पडला की करडा डिस्टेंपर वाटावा. गडद निळासुद्धा प्रत्यक्षापेक्षा दोन पायऱ्या वर गेला.

म्हणजे चंदेरी डब्याच्या फोटोतली काळी रेघ लाल असू शकते, आणि फोटोत फिकट दिसणारा डबा प्रत्यक्षात चांगला गडद निळा असू शकतो. त्यात फोटो पॅनक्रोमॅटिक फिल्मवर काढला असेल तर सगळा हिशोब उलटा, आणि ते छापील फोटोवरून कळायला मार्ग नाही. शिवाय छपाईत काँट्रास्ट वाढवलेला असतो तो वेगळाच.

ठरवलं: फोटोंचा उपयोग बीडिंग आणि रेघा कुठून कुठे जातात तेवढ्यापुरताच. रंगासाठी फोटोकडे बघायचं नाही. ६०० रुपये त्या अर्थाने वाया गेले नाहीत, पण ज्या कामासाठी घातले ते काम झालं नाही.

२३ जून

आज 'रॉयल ब्लू'च्या मागे. ज्याच्याकडे जावं त्याचा रॉयल ब्लू वेगळा. स्टेशनरीच्या दुकानातला पोस्टर कलर, गाड्यांच्या रंगाचं मिक्सिंग करणाऱ्याच्या कार्डावरचा, आणि मॉडेलच्या रंगांचा बाहेरून मागवलेला, तिन्ही पट्ट्यांवर मारून शेजारी ठेवले. पहिला शाळेच्या गणवेशाचा, दुसरा जवळपास नेव्ही, तिसरा जांभळट.

रंगाच्या धंद्यातल्या एका मित्राकडून ब्रिटिश मानक बीएस ३८१सी चं कार्ड बघायला मिळालं. त्यात १०५ ऑक्सफर्ड ब्लू, १०६ रॉयल ब्लू, ५३७ सिग्नल रेड. अशा कार्डावर एकदम विश्वास बसतो, कारण क्रमांक छापलेला असतो. पण हे मानक पहिल्यांदा प्रसिद्ध झालं तेच १९३० मध्ये, म्हणजे गाडी आली त्याच वर्षी. माटुंग्याच्या रंगाऱ्यांनी कार्डावर बोट ठेवून १०६ घोटला असं धरायला काही आधार नाही. त्यामुळे १०६ हा माझ्यासाठी शेजारी ठेवून बघायचा रंग, नक्कल करायचा नव्हे.

मग उरतं काय? त्या वेळी रंगात घालायला काय मिळत होतं, ते. आजच्या बहुतेक निळ्या रंगांत थॅलो ब्लू हे रंगद्रव्य असतं. ते बाजारात आलं १९३५ मध्ये, आयसीआय या ब्रिटिश रसायन कंपनीने मोनॅस्ट्रल नावाने आणलं. १९३० च्या डब्यावर ते असणंच शक्य नाही. तेव्हाचे हाताशी असलेले निळे म्हणजे प्रशियन ब्लू आणि अल्ट्रामरीन. प्रशियन काळपट, किंचित हिरव्याकडे जाणारा. अल्ट्रामरीन स्वच्छ, जांभळ्याकडे जाणारा. 'रॉयल' म्हणून खुलवायचा तर एकटा प्रशियन पुरत नाही, आणि एकटा अल्ट्रामरीन लाकडी-पत्र्याच्या मोठ्या बाजूवर नीट झाकत नाही. दोन्हींचं मिश्रण असणार, असा माझा तर्क आहे. हा तर्कच आहे, पण निदान १९३० मध्ये शक्य असलेला तर्क आहे.

त्यामुळे थॅलो असलेल्या सगळ्या बाटल्या बाजूला. लेबलच्या मागे पिगमेंटचा कोड असतो. पीबी १५ म्हणजे थॅलो, पीबी २९ अल्ट्रामरीन, पीबी २७ प्रशियन. घरात पडलेल्या निळ्यांपैकी बहुतेक १५ निघाले. कलावंतांसाठीच्या रंगांच्या दुकानातून २९ आणि २७ च्या ट्यूब आणल्या, ४८० रुपये.

७ जुलै

चंदेरीला सुरुवात केली आणि डोंबिवलीच्या पावसाने हिसका दाखवला.

गाड्यांच्या रंगकामात वापरतात तो ड्युको, म्हणजे एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकर, चंदेरीसाठी घेतला होता. स्वस्त, पटकन वाळतो, एअरब्रशमधून छान उडतो. पण बाहेर धो-धो पाऊस, खोलीत दमटपणा. थिनर झपाट्याने उडतो, पृष्ठभाग गार पडतो, हवेतलं पाणी त्यावर बसतं आणि रंग पांढरा पडतो. चंदेरीवर हे लगेच कळतही नाही. वाटलं की रंग जरा मऊ, करडा आलाय, छान. रात्रभर वाळल्यावर डब्याची एक बाजू ढगाळ आणि दुसरी चकचकीत.

गॅरेजवाल्यांचा उपाय म्हणजे रिटार्डर, सावकाश उडणारं थिनर. नेहमीच्या थिनरमध्ये साधारण पाचवा हिस्सा मिसळल्यावर पांढरेपणा गेला. लिटरचा डबा ३५० रुपये. पण सावकाश वाळतो म्हणून त्यावर धूळ बसते, तेव्हा रंगवून झाल्यावर डबा प्लास्टिकच्या खोक्याखाली झाकायचा. ढगाळ बाजू थिनरने धुतली, त्यात बीडिंगचा एक तुकडा विरघळून वाकला. तो खरवडून नवा लावला. तुम्ही पावसाळ्यात करणार असाल तर लॅकरच्या नादी न लागता अल्कोहोलवरचा किंवा पाण्यातला ॲक्रिलिक घ्या. मीसुद्धा पुढे तेच केलं.

१४ जुलै

चंदेरीची दुसरी अडचण जास्त मुळातली आहे. रंगातले ॲल्युमिनियमचे कण छोटे होत नाहीत. ३० मायक्रॉनचा एक कण १:७६ च्या हिशोबाने खऱ्या डब्यावर सव्वादोन मिलिमीटरचा होतो. खऱ्या डब्यावर एवढे कण चमकत असते तर तो गणपतीच्या मखरासारखा दिसला असता. साध्या चंदेरीने रंगवलेली मॉडेलं म्हणूनच खेळणी वाटतात, रंग चुकलेला नसतानाही.

सगळ्यात बारीक भुकटीचा रंग शोधावा लागतो. काळ्या चकचकीत अस्तरावर मारायचे जे क्रोमसारखे रंग मिळतात, त्यांचे कण बारीक असतात. पण काळ्या अस्तरावर ते आरसाच होतात. १९३० चा ॲल्युमिनियम रंग म्हणजे वार्निशमध्ये भुकटी, तो आरसा नव्हता. मी तोच बारीक रंग मध्यम करड्या, मंद चमकेच्या अस्तरावर मारला. चमक उतरली, दाणे दिसेनासे झाले. अस्तर २००० नंबरच्या वॉटर पेपरने घासलं नाही तर प्लास्टिकवरचा ओरखडा न् ओरखडा चंदेरीतून उठून दिसतो.

संध्याकाळी ओळखीच्या एका काकांकडे पट्ट्या घेऊन गेलो. आयुष्यभर रेल्वेच्या डब्यांना रंग दिलाय त्यांनी. अर्थात या रेकच्या फार नंतरच्या काळात, पण ॲल्युमिनियम रंग त्यांच्या हाताखालून भरपूर गेलेला.

मी विचारलं, "काका, यातली कुठली खरी वाटते?"

त्यांनी सगळ्या पट्ट्या उजेडात तिरक्या धरून बघितल्या. "कधीची खरी? ताजा मारला की ही," म्हणत आरशासारखी पट्टी बाजूला काढली, "आणि वर्षभर गाडी धावली की ही." करड्या अस्तरावरची. "अरे, चंदेरी एकच नसते. डबा ढवळायचा राहिला तर त्याच दिवशी, त्याच डब्यातून दोन चंदेऱ्या निघतात."

हा प्रश्न मी स्वतःला विचारला नव्हता: कधीची? उद्घाटनाची गाडी की चालती गाडी? मी चालती गाडी निवडली, दोनेक वर्षं झालेली. यापुढचे निर्णय त्यावरून.

४ ऑगस्ट

आता चंदेरीवरचं स्कार्लेट. सरळ मार्ग वाटतो तो असा: आधी चंदेरी, मग बीडिंगच्या दोन्ही बाजूंना मास्किंग टेप, मग लाल. यात तीन गोष्टी बिघडतात. लाल रंग मुळात पारदर्शक, चंदेरीवर मारला की खालची चमक वर येते आणि लाल मेटॅलिक दिसतो. टेप उचलताना चंदेरी भुकटी टेपबरोबर निघते. आणि बीडिंग उठावाचं असल्यामुळे टेप त्याच्या कडेला नीट बसत नाही, फट राहते, तिथून लाल आत शिरतो. पहिल्या बाजूवर हे तिन्ही झालं.

क्रम उलटा केला. आधी सगळी बाजू लाल इनॅमलने रंगवली, खाली फिकट गुलाबी-नारिंगी अस्तर, म्हणजे लाल खुलतो. इनॅमल आठवडाभर पूर्ण वाळू दिला. मग सगळ्या बाजूवर बारीक चंदेरी, अल्कोहोलवरची, अगदी पातळ. चंदेरी एका हातात सगळं झाकते, लालसकट. ती हाताला कोरडी लागली की तासाभराच्या आत, सपाट आइस्क्रीमच्या काडीला सुती कापड ताणून गुंडाळायचं, आयसोप्रोपिल अल्कोहोलने जेमतेम ओलं करायचं आणि बीडिंगच्या माथ्यावरून सरळ रेषेत फिरवायचं. उठावाचा माथा तेवढा पुसला जातो, खालचा लाल वर येतो, बाजूची चंदेरी जागेवर राहते. वाळलेल्या इनॅमलला अल्कोहोल लगेच लागत नाही.

पहिल्यांदा ती लाल रेघ चंदेरीतून धारदार वर येताना बघितली तेव्हा खूप आनंद झाला. टेपने कधीही एवढी कोरीव रेघ मिळाली नसती, कारण इथे रेघ रंगाने आखलेलीच नाही, बीडिंगने आखली आहे. खऱ्या डब्यावरही बीडिंगच रेघ ठरवत होतं.

कापड जास्त ओलं झालं तर अल्कोहोल बीडिंगच्या कडेने खाली ओघळतं आणि लाल डाग उमटतो. काडीला घडी पडलेली चालत नाही. दरवाजाच्या बिजागरीजवळ काडी पोचत नाही, तिथे दंतकोरणीला कापूस.

लालची छटा: स्कार्लेट शेंदराकडे झुकतो, किरमिजीकडे नाही. बाटलीतला 'सिग्नल रेड' मला किंचित थंड वाटला, त्यात दहा भागांना एक भाग नारिंगी घातला. लाल उजळायला पांढरा घालू नये, गुलाबी होतो.

१८ ऑगस्ट

निळा डबा. अल्ट्रामरीन सहा भाग, प्रशियन एक भाग, पांढरा अर्धा. टेबलावर, टेबललॅम्पच्या उजेडात, १०६ च्या कार्डाशेजारी ठेवला: कार्डापेक्षा जरा उघडा, तेवढाच हवा होता. फार समाधानाने लेआऊटवर, म्हणजे मॉडेल गाड्या धावतात त्या रुळांच्या मांडणीवर, नेऊन ठेवला आणि तो जांभळा दिसला. गॅलरीत नेला तर पुन्हा निळा.

मला आधी वाटलं रंग नीट ढवळला नाही. ते नव्हतं. लेआऊटवर वॉर्म व्हाइट एलईडी पट्टी आहे, आणि अल्ट्रामरीन अगदी गडद लाल उजेड परत फेकतो. पिवळट दिव्यात तो लाल जास्त असतो म्हणून निळा जांभळा होतो. थॅलोच्या पट्टीला त्याच दिव्याखाली असं काही होत नव्हतं. टेबलावर हुबेहूब जुळलेले दोन निळे लेआऊटवर दोन वेगळ्या गावचे झाले.

जुळवाजुळवीतला माझा सगळ्यात जास्त वेळ इथे गेला, आणि रंगात बदल करून तो वाचला नसता. दिवा आधी ठरवायला हवा. लेआऊटची पट्टी काढून उजेडाचा दर्जा, म्हणजे सीआरआय, ९५ च्या वरचा आणि ५००० केल्विनच्या आसपासचा एलईडी लावला. १६५० रुपये आणि दोन रविवारांची संध्याकाळ. टेबललॅम्पमध्येही तोच. आता तिन्ही ठिकाणी, टेबल, लेआऊट आणि गॅलरी, निळा एकाच घरातला वाटतो. पैसे वाचवायचे असतील तर निदान एवढं करा: ज्या दिव्याखाली गाडी धावणार आहे त्याच दिव्याखाली रंग घोटा. बाटलीत रंग बरोबर असण्याला काही अर्थ नाही.

६ ऑक्टोबर

गणपती, मग नवरात्राची तयारी, म्हणून मधल्या काळात हात लागला नाही. फायदा असा की निळा डबा महिनाभर वाळला.

लांबून बघायचा प्रश्न. एक मीटरवरून १:७६ चं मॉडेल बघणं म्हणजे खरा डबा ७६ मीटरवरून बघणं. एवढ्या अंतरावरून रंग जरा फिका आणि करडा दिसतो, म्हणून काही जण मॉडेलच्या रंगात सरसकट दहा टक्के पांढरा घालतात. मला ते पटत नाही. पांढऱ्याने निळा खडूसारखा होतो. आणखी पांढरा न घालता फिकट करडा घातला, वीस भागांना एक भाग, आणि तिथेच थांबलो. चंदेरीला तर काहीच घातलं नाही.

वार्निशचा परिणाम याहून मोठा निघाला. त्या काळच्या डब्यांवर तेलाच्या वार्निशचे हात असत, आणि ते वार्निश मुळात पिवळसर, काळाबरोबर आणखी पिवळं होणारं. निळ्यावर पिवळा पडदा आला की निळा किंचित हिरवट आणि खोल होतो. आजचं क्लिअर ॲक्रिलिक पाण्यासारखं स्वच्छ असतं, त्याखाली निळा कच्चा, नवा दिसतो. सॅटिन क्लिअरमध्ये पिवळसर तपकिरी शाईचा थेंब, ३० मिलीला एक, घालून दोन पातळ हात दिले. यामुळे अल्ट्रामरीनचा उरलासुरला जांभळेपणाही बसला. माझ्या मते या सगळ्या प्रकल्पात निळ्यासाठी केलेली ही सगळ्यात उपयोगी गोष्ट. चंदेरीवर हे क्लिअर मारू नका. चंदेरी पितळेची होते. चंदेरीवर मी काहीच मारलं नाही, कुठलंही क्लिअर तिला करडी करतं. चंदेरी डबा हात न लावता खालच्या बाजूने उचलायचा.

२० ऑक्टोबर

सोनेरी रेघा. अर्ध्या इंचाची रेघ १:७६ ला ०.१७ मिमी होते, पाऊण इंचाची पाव मिलिमीटर. माझ्याकडच्या रूलिंग पेनने सलग ओढता येणारी सगळ्यात बारीक रेघ ०.२ च्या आसपास, म्हणून तीच सगळीकडे.

सोनेरी मेटॅलिक रंगाने ओढलेली रेघ या जाडीला तपकिरी दिसते. कारण कणांचंच: ३० मायक्रॉनचे सहा-सात कण आडवे मावतात, त्यातले दोनच डोळ्याकडे तोंड करून असतात. पिवळा ऑकर इनॅमल घेतला, त्यात अगदी बारीक सोनेरी भुकटी चिमूटभर. समोरून पिवळट, तिरकं बघितलं की सोन्याची झाक. हे लांबून सोन्यासारखं दिसतं, जवळून मात्र दिसत नाही. मला लांबूनचं हवं आहे.

रूलिंग पेनबद्दल. ॲक्रिलिक पेनच्या दोन पात्यांमध्येच वाळतो, इनॅमलच वापरावा, दुधापेक्षा जरा दाट. पेन बाटलीत बुडवायचा नाही, ड्रॉपरने आत थेंब सोडायचा. स्टीलच्या पट्टीला खालून टेपचे दोन थर चिकटवून ती पृष्ठभागापासून वर उचलून ठेवायची, नाहीतर रंग पट्टीखाली ओढला जातो आणि सगळी रेघ फिसकटते. आणि निळा थर ॲक्रिलिकचा असल्यामुळे बिघडलेली इनॅमलची रेघ टर्पेंटाइनच्या ओल्या ब्रशने पुसता येते, खालच्या निळ्याला काही होत नाही. ही सोय नसती तर हा डबा अजून टेबलावरच असता. कोपऱ्यांची वळणं रूलिंग पेनने जमली नाहीत. ती ००० नंबरच्या ब्रशने, आधी जाड आणि मग दोन्ही बाजूंनी निळ्याने कापून.

१० नोव्हेंबर

दिवाळीनंतर दोन्ही डबे एकत्र रुळावर. शेवटचं काम मळवण्याचं.

मॉडेल मळवायचं म्हटलं की सगळे काळा घेतात, कोळशाच्या काजळीसाठी. ही गाडी पहिल्या दिवसापासून विजेवर, १५०० व्होल्ट डीसीवर धावली. तिच्या छतावर काजळीचे थर दाखवणं मला चुकीचं वाटतं. तिच्या अंगावर बसत असणार ती बिडाच्या ब्रेक ब्लॉकची भुकटी. खंडाळ्याचा घाट १ : ३७ चा, म्हणजे ३७ मीटरला एक मीटर उतार, उतरताना ब्रेक सतत घासणार, आणि ती लोखंडी भुकटी गंजून तांबूस होऊन बॉडीच्या खालच्या भागावर आणि बोगीवर. गंजाच्या रंगाची पावडर कोरड्या ब्रशने खालून वर, खिडकीच्या पट्टीच्या बरीच खाली थांबवून. चंदेरी डब्यावर जेमतेम, कारण अशी गाडी धुतल्याशिवाय स्टेशनात उभी केली जात नसणार. पावडर पक्की करायला क्लिअर मारलेलं नाही. वर लिहिलंय ते कारण.

काका बघायला आले होते. निळ्यापाशी बराच वेळ वाकून उभे राहिले. म्हणाले, "रंग मी बघितलेला नाही तो, त्यामुळे बरोबर-चूक सांगत नाही. पण वार्निश बरोबर आहे."

आणखी एकाने त्याच्या वडिलांच्या अल्बममधला १९८० च्या दशकातला रंगीत फोटो दाखवला, राणीचा, आणि विचारलं की निळा या फोटोसारखा का नाही. फोटोतला निळा जांभळ्याकडे गेलेला आहे. त्या काळच्या रंगीत प्रिंट अंधारात ठेवल्या तरी त्यातला निळसर थर सगळ्यात आधी उडतो आणि चित्र गुलाबी पडतं. त्यात तो डबा आयसीएफचा, ती रंगसंगती वेगळी. निळ्या-क्रीम राणीचं मॉडेल करणाऱ्यांनी प्रिंटपेक्षा स्लाइड मिळते का बघावं.

करणाऱ्यांसाठी, प्रत्यक्ष काय वापरलं ते एका जागी. निळा: पीबी २९ सहा भाग, पीबी २७ एक भाग, पांढरा अर्धा, त्यात वीस भागांना एक भाग फिकट करडा, वर पिवळसर सॅटिन. स्कार्लेट: इनॅमल लाल दहा भाग, नारिंगी एक, गुलाबी-नारिंगी अस्तरावर. चंदेरी: मिळेल तितकी बारीक, अल्कोहोलवरची, शेवटी लालवर, आणि माथा पुसून. रेघ: ऑकर इनॅमल. पुराव्यावर उभं आहे ते फक्त रंगांची नावं आणि थॅलो नसणं; भागांचं प्रमाण माझं, डोळ्याने ठरवलेलं. कुणाकडे मूळ रंगाचा टवका असलेला लाकडाचा तुकडा, माटुंग्याची जुनी रंगसूची, असं काही असेल तर हे प्रमाण खुशाल मोडीत काढा, मी डबा पुन्हा रंगवेन.

रंग, थिनर, टेप, पावडर मिळून दोन डब्यांना साधारण ४,२०० रुपये, दिवे वेगळे. पुढचा डबा डायनिंग कारचा, चंदेरी रेकमधला. त्याचं बीडिंग या वेळी ०.६ मिमीचं लावतोय, माथा पुसायला जरा जास्त जागा मिळावी म्हणून.